त्या तीन शिट्ट्यांसाठी

दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहीत आहे. "कोणाला काही सांगत बसू नका, घरी जा आणि झोपा," असं तुम्ही निघताना म्हणालात. घरी आले, पण झोप काही नीट लागत नाही. आज अकरावा दिवस. दिवा बंद केला की तुमची शिट्टी ऐकू येते आणि रडू फुटतं. म्हणून हे पत्र.

मी एकटीच, तयारी न करता डोंगरात गेले होते. दिवसभरात परत येऊ म्हणून विजेरी घेतली नाही. अंगात सुती जॅकेट, एक पाण्याची बाटली आणि अर्धा चार्ज असलेला फोन. कुठल्या वाटेने जाणार हे घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. २००३ साली अमेरिकेतल्या युटामध्ये आरन राल्स्टन नावाच्या गिर्यारोहकाचा हात एका घळीत दगडाखाली अडकला होता. तोही कोणाला न सांगता निघाला होता. पाच दिवस कोणी आलं नाही, शेवटी त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. ही गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती, दादा. ठाऊक असून मी निघाले, कारण असं आपल्या बाबतीत घडेल असं मनात आलंच नाही.

दुपारी ढग उतरले आणि वाट गेली. मी सरळ चालत होते, निदान मला तसं वाटत होतं. तरी वीज पडून दुभंगलेलं एक झाड तीनदा समोर आलं. तिसऱ्यांदा दिसलं तेव्हा पायातलं बळच गेलं. आता वाचते आहे की २००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना अनोळखी जंगलात चालायला लावून हेच पाहिलं होतं. सूर्य दिसत असेल तर माणूस बऱ्यापैकी सरळ जातो, ढगांआड गेला की नकळत गोल फिरू लागतो. तेव्हा मला कुठलं माहीत? एका जागी थांबायला हवं होतं, आणि मी अंधार पडेपर्यंत चालत राहिले.

फोन बंद पडण्याआधी एक कॉल लागला होता. मदतीसाठीच असलेला नंबर होता तो. पलीकडून पहिला प्रश्न आला, "एकटीने जायला सांगितलं कोणी होतं?" मग, "नक्की ठिकाण सांगा, नाहीतर आम्ही काय करणार?" ठिकाण माहीत असतं तर मी हरवले कशाला असते? त्यांनी फोन ठेवला. त्या माणसाचा राग अजून गेलेला नाही आणि तो मी लपवणारही नाही. माझी चूक होतीच. पण पावसात भिजून थरथरणाऱ्या माणसाला आधी त्याची चूक कळायला हवी असते का?

तुमच्यापर्यंत निरोप पोहोचला तो पायथ्याशी उभ्या असलेल्या माझ्या गाडीमुळे, एवढंच मला कळलं आहे. ज्यांनी ती पाहून कळवलं, त्यांचेही पाय धरायचे आहेत.

माझा आवाज बसला होता. स्टीलची बाटली दगडावर आपटत होते, तीही थांबून थांबून. आणि खालून, खूप खालून, तीन शिट्ट्या आल्या. मग शांतता. मग पुन्हा तीन. संकटातल्या माणसाने मिनिटाला सहा शिट्ट्या द्यायच्या, एक मिनिट थांबून पुन्हा सहा, आणि ऐकणाऱ्याने तीन देऊन उत्तर द्यायचं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण त्या तीनचा अर्थ लगेच कळला.

एकदा उत्तर दिलं असतं तरी चाललं असतं. तुम्ही चढत होता, पाऊस होता, दम लागत असणार. तरी जवळजवळ दीड तास तुम्ही शिट्ट्या देत राहिलात. मी मोजत होते. तोपर्यंत माझं कुडकुडणं थांबलं होतं आणि मला बरं वाटायला लागलं होतं. आता कळतंय ते किती भयंकर होतं. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया होतो, आणि ते आणखी उतरलं की कुडकुडायचीही ताकद उरत नाही. काहींना तर अशा वेळी उकडायला लागतं, ते अंगावरचे कपडे काढतात. मी जॅकेटची चेन उघडून बसले होते. डोळे मिटत होते, पण पुढच्या तीन मोजायच्या होत्या म्हणून मी ते मिटू दिले नाहीत.

मध्ये एकदा शिट्टी आली नाही. ते मिनिट मी कोणाला सांगू शकणार नाही.

तुम्ही आलात, आधी माझी चेन लावलीत. सोबतच्या ताईंनी आडोसा करून मला कोरडे कपडे घातले. आणि तुम्ही म्हणालात, "मघाशी एक शिट्टी चुकली. ओढा ओलांडत होतो, दोन्ही हात दोराला होते. माफ करा हं."

माफी तुम्ही मागितलीत, दादा! उतरताना एकदाही विचारलं नाहीत की एकटी का आलीस. पायाखालचे दगड तेवढे सांगत राहिलात, "इथे निसरडं आहे, डावीकडे पाय टाका."

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं असतं असं मी समजत होते. ओळखदेख नसलेल्या बाईला एक मिनिटसुद्धा एकटं वाटू नये म्हणून धापा टाकत शिट्टी वाजवणारा माणूस जगात आहे, हे कळल्यावर मला रस्त्यावरच्या अनोळखी चेहऱ्यांकडेही वेगळं बघावंसं वाटतं.

तुमची शिट्टी माझ्या गळ्यात राहून गेली. ती परत करायला हवी, पण माझ्याने होत नाही. तुमच्यासाठी नवी आणून ठेवली आहे. कधी येऊ, सांगा. या वेळी कुठे जाते आहे ते घरी लिहून ठेवूनच निघेन.