मजुरी कसली, ते सांग

चि. संजू,
अनेक आशीर्वाद.

ताईकडून कळलं, पंधरा दिवस रोज संध्याकाळी ताप भरतो, रात्री बनियन घामाने भिजतं आणि सकाळी गोळी गिळून तू कामावर. रागावणार नव्हते. पण डॉक्टरला नुसतं "मजुरी करतो" म्हणालास. मजुरी कसली, ते का नाही सांगितलंस? शेळ्या-मेंढ्या कापतो, असं स्वच्छ सांग. नाहीतर तो मलेरिया नि टायफॉइडच शोधत बसेल. शेळ्या-मेंढ्यांकडून माणसाला लागणारा एक ताप असतो, ब्रुसेलोसिस. त्याची रक्ततपासणी वेगळी असते. तो ताप असाच येतो-जातो, सांधे धरतात, पुरुषाचं अंडही सुजतं. लाजू नकोस. औषधं दोन, एकत्र, 6 आठवडे. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडलीस तर ताप उलटतो.

लहानपणी गोळी नको म्हणून दाराआड लपायचास. आता गोळी घेऊन लपतोस.

तू सोललेल्या कातडीला एक छिद्र नसतं, मामा अजून सांगतो. पण गाभण शेळी आली की तोच हात उघडा गर्भपिशवीत जातो. जंतू सगळ्यात जास्त तिथेच, वारेत आणि त्या पाण्यात. नखाशेजारी साल निघालेली असली तरी पुरे. पिशवी चिरू नकोस, अख्खी काढून बाजूला ठेव. मोजे कोपरापर्यंतचे घे, पंजा खडबडीत असलेले. गुळगुळीत मोज्यातून सुरीची मूठ फिरते.

सुरी रक्ताच्या बादलीत सोडू नका, दुसऱ्याचा हात आत जातो तेव्हा पातं दिसत नाही. बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोरातली सुरी सटकते ती डाव्या हातावरच. पण पैसे नगावर, धार लावायला थांबतो कोण! कापलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धू. चिंधी गुंडाळून परत आतड्यांत हात घालायचा नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनला 5 वर्षं उलटली असतील तर पुन्हा घे.

बघ, शिकवायलाच लागले. चुकलं माझं. तुला ठाऊक असून जमत नाही, हे कळतं मला. हजेरीपुस्तक नाही, तुझं नाव कुठे लिहिलेलं नाही, एक खाडा झाला की जागेवर दुसरा उभा. मालकाला नको सांगूस हवं तर. डॉक्टरला सांग.

कंबर दुखते का? उकिडवं बसून दुखते ती नाही, आत खोलवर ठणकते ती. तेही त्याला सांग. ताईला थर्मामीटर दिलाय, रात्रीचा आकडा मला कळव.

तुझी,
आई