मंद्या, टीम अशी सोडू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
१० सप्टेंबर २०२५

प्रिय मंद्या,

विसर्जन झालं, मिरवणूक संपली, आता जरा झोप झाली असेल तर हे नीट वाच, कारण काल रात्री आपल्या फँटसी बेसबॉल लीगमधली (खऱ्या खेळाडूंच्या खऱ्या मॅचमधल्या आकड्यांवर चालणारा आपला खेळ) तुझी टीम उघडून बघितली आणि खरंच वाईट वाटलं. दोघं जण इंज्युरी लिस्टवर आहेत तरी लाइनअपमध्ये बसलेत, एका पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) त्याच्या टीमने खालच्या मायनर लीगमध्ये पाठवलंय तो तसाच पडलाय, आणि तू ग्रुपवर लिहितोस की सातवा आहे, आता काय उरलंय, पुढच्या वर्षी बघू. अरे सीझन २८ तारखेला संपतोय! अजून अडीच आठवडे आहेत.

पहिलं म्हणजे एकूण स्टँडिंग बघणं बंद कर, होमरन, स्टील, विन अशी एकेक कॅटेगरी उघडून बघ. आपल्या रोटो पद्धतीत बारा टीम म्हणजे प्रत्येक कॅटेगरीत पहिल्याला १२ पॉइंट आणि शेवटच्याला १, मग तू किती मागे आहेस यापेक्षा तुझ्या लगेच वर कोण आहे आणि किती वर आहे एवढंच महत्त्वाचं. तुझे स्टील (पिचर टाकत असताना पळून चोरलेले बेस) १३८ आहेत. तुझ्या वरचे तिघं १४०, १४१ आणि १४३ वर. म्हणजे सहा बेस जास्त चोरले की तीन पॉइंट, आणि पाचव्या नंबरपासून तू फक्त चार पॉइंट लांब आहेस रे. उलट होमरनमध्ये तू चौथा, वरचा २६ ने पुढे आणि खालचा २२ ने मागे, तिथे आता शेवटपर्यंत काहीच हलणार नाही. सिअ‍ॅटलच्या कॅल रॅलीला अर्थातच हात लावू नकोस, कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) असून ऑगस्टमध्येच त्याने पन्नास होमरन पूर्ण केले, असा कॅचर याआधी कधी झालाच नाही. पण युटिलिटीच्या (कोणताही बॅटर चालतो त्या) जागेवर तो जो नुसता होमरन मारणारा बसवलायस, त्याचा तुला आता काहीही उपयोग नाही, त्याने दहा मारले काय आणि शून्य मारले काय, पॉइंट तेवढेच. त्याला सोड आणि पळणारा घे.

टँपाचा चँडलर सिम्पसन बघ, होमरन एकही नाही पण बेसवर पोचला की पुढचा बेस त्याचाच. नाहीतर होझे कॅबायेरो, गेल्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त, ४४ स्टील त्याचे होते, जुलैच्या शेवटी यँकीजने घेतला, रोज सुरुवातीपासून खेळत नाही म्हणून लोक त्याला सोडून देतात, पण आठव्या इनिंगमध्ये दुसऱ्याच्या जागी पळायला उतरवला तरी तुझ्या खात्यात स्टील पडतोच. २०२३ पासून बेस १५ इंचांचे १८ इंचांचे केले आणि पिचरला रनर रोखायला दोनदाच थांबायची मोकळीक ठेवली, तेव्हापासून पळणाऱ्यांचं राज्य आहे.

आता पिचिंग. तू म्हणालास ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले रन) बिघडेल म्हणून नवीन पिचर लावत नाही. एप्रिलमध्ये हे बरोबर होतं, आता नाही. तुझ्या टीमच्या ११५० इनिंग झाल्यात, ईआरए ३.८०. उद्या एखाद्याने पाच इनिंगमध्ये पाच रन दिले तरी तो ३.८२ होईल, बस. एप्रिलमध्ये तीस इनिंग झाल्या असताना हेच झालं असतं तर ३.०० चा थेट ३.८६ झाला असता. म्हणजे ईआरए आणि व्हिप (दर इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक) आता जवळपास गोठलेत, तुझ्या वरचा आणि खालचा दोघंही लांब आहेत, पण स्ट्राइकआउट आणि विन (पिचरच्या नावावर लागलेले विजय) अजून मोजून वाढवता येतात. म्हणून आठवड्यात दोनदा टाकणारे पिचर शोध. फक्त ते खरंच दोनदा टाकणार का हे रोज तपास, कारण सप्टेंबरमध्ये रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) २८ चं होतं, टीम सहावा पिचर मध्ये घुसवतात आणि तुझ्यावाल्याचा दुसरा स्टार्ट पुढच्या सोमवारवर जातो. आणि तरुण पिचर कधी बंद करतील सांगता येत नाही, २०१२ ला वॉशिंग्टनने स्ट्रासबर्गला १५९ इनिंगवर थांबवलं होतं, तेही टीम पहिल्या नंबरवर असताना.

विनबद्दल मात्र मन घट्ट ठेव. पिट्सबर्गचा पिचर स्कीन्स तुझ्याकडे आहे, ईआरए दोनच्या आसपास, आख्ख्या लीगमध्ये त्याच्यासारखा कोणी नाही, आणि तरी जिंकलेल्या मॅच जेमतेम हरलेल्यांइतक्या, कारण त्याची टीम त्याच्यासाठी रनच करत नाही. १९८० मध्ये लेखक डॅनियल ओक्रंट आणि मंडळींनी हा रोटोचा खेळ सुरू केला तेव्हापासून विन ही कॅटेगरी आहे आणि ती मला कायम अन्यायाची वाटत आलीय. पण आहे ती आहे. चांगला पिचर नको बघूस, चांगल्या बॅटिंगच्या टीमचा बरा पिचर बघ.

सेव्हमध्ये (शेवटी येऊन थोडी आघाडी राखणाऱ्या पिचरचं श्रेय) मिनेसोटाकडे लक्ष दे, ट्रेड डेडलाइनला त्यांनी शेवटी टाकणारा डुरान फिलाडेल्फियाला दिला आणि बाकीचं बुलपेनही (नंतर येणारे पिचर) विकून टाकलं, त्यामुळे नववी इनिंग कोण टाकेल हे बदलत राहतं आणि ते लोक फुकटात मिळतात.

आणि वेळेचं कारण देऊ नकोस. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी सातच्या मॅच तुझ्याकडे पुण्यात पहाटे साडेचारला लागतात हे मान्य, त्या झोपायच्या आधी लावून टाक. पण सिअ‍ॅटल, सॅन डिएगो, लॉस एंजेलिसच्या मॅच तुझ्याकडे सकाळी सात-साडेसातला लागतात आणि तोपर्यंत त्यांचं लाइनअप जाहीर झालेलं असतं. आम्ही इथे ऑफिसातून निघायच्या गडबडीत अर्धवट बघतो, तू सकाळी चहा घेताना कोण खेळतोय कोण बसलाय हे बघून निवांत बदलू शकतोस. आमच्यापैकी कोणालाच हे जमत नाही.

अजून एक, हे मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं. ते १४० आणि १४१ स्टीलवाले कोण आहेत बघितलंस का? पहिला आणि दुसरा. दोघांमध्ये दीड पॉइंटचा फरक आहे. तू एकाला मागे टाकलंस आणि दुसऱ्याला नाही, तर लीग कोण जिंकणार हे तुझ्यावर ठरू शकतं. आणि तू टीम अशी मेलेली ठेवलीस तरीही ठरतंच, फक्त मग न खेळता ठरतं, आणि मार्चपासून रोज रात्री जागून लाइनअप लावणाऱ्या माणसाला ते कसं वाटेल सांग. कोणाला मदत कर असं मी अजिबात म्हणत नाहीये, मी स्वतः तिसरा आहे आणि तू मला मागे टाकलंस तरी चालेल, पण खेळून टाक. तू परत पुण्याला गेलास तेव्हा आम्ही सगळ्यांनी तुझी जागा ठेवली कारण तू असलास की लीगला मजा येते, नुसती बारा ही संख्या भरायला नाही.

तर आज इंज्युरीवाले काढ, रविवारच्या आत सिम्पसन किंवा कॅबायेरोवर बोली लाव, बोलीचं बजेट शिल्लक ठेवून काय करणार, पुढच्या वर्षी ते येत नाही. २८ तारखेला सगळ्या मॅच एकदमच सुरू होतात, आमच्या दुपारी तीनला, म्हणजे तुझ्याकडे रात्री साडेबारा. नवरात्रातली रात्र आहे, तू जागाच असशील. मी व्हिडिओ कॉल लावतो.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
निल्या