शोकानंतरच्या अन्यायाची सरकारदरबारी नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

22 एप्रिल 2025 रोजी पहलगाम येथे 26 निरपराधांचा बळी गेला. त्याच आठवड्यात आमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या, कळंगुटला शाली विकणाऱ्या काश्मिरी गृहस्थाला घरमालकाने ‘काही दिवस गावी जाऊन या’ असे सुचवले. भाडेकरू पडताळणीचा अर्ज त्याने पोलीस ठाण्यात केव्हाच भरला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानाच्या पाटीवरचा ‘काश्मीर’ हा शब्द वर्तमानपत्राचा कागद चिकटवून झाकलेला मी स्वतः पाहिला. मारहाण झाली नाही, म्हणून तक्रार नाही. आणि तक्रार नाही, म्हणून सरकारच्या लेखी काही घडलेच नाही.

अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी, अ‍ॅरिझोनातील मेसा येथे पेट्रोल पंप चालवणाऱ्या बलबीरसिंग सोधी यांना पगडी आणि दाढीपायी प्राण गमवावे लागले. पुढच्याच महिन्यात आलेला पेट्रियट कायदा पाळतीच्या अफाट अधिकारांमुळे बदनाम झाला, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच कायद्याच्या कलम 102 मध्ये अरब, मुस्लिम व दक्षिण आशियाई वंशाच्या नागरिकांविरुद्धच्या हिंसेचा आणि भेदभावाचा तेथील संसदेने स्पष्ट निषेध नोंदवला, तर शिखांसाठी स्वतंत्र कलम घातले. त्याने हल्ले थांबले नाहीत हे खरे. 2012 साली ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला आणि त्यानंतर, 2015 पासून, शीखविरोधी व हिंदुविरोधी गुन्ह्यांची वेगळी मोजणी तेथे सुरू झाली. आपल्याकडेही पुलवामानंतर, 22 फेब्रुवारी 2019 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने काश्मिरींवरील हल्ले, धमक्या व सामाजिक बहिष्कार रोखण्याचे आदेश महाराष्ट्रासह अनेक राज्यांना दिले होते.

गोमंतकीयांना तर हे परके वाटू नये. 1961 साली गोवा मुक्त होताच पोर्तुगिजांनी मोझांबिकमधील भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबले होते; त्यांचा गुन्हा एवढाच की ते भारतीय होते.

म्हणून मुख्यमंत्र्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, अशा घटनेनंतर गोव्यात राहणाऱ्या काश्मिरींशी झालेला भेदभाव सरकारने विधानसभेत मान्य करावा, त्याची नोंद घेणारा अधिकारी प्रत्येक जिल्ह्यात नेमावा, आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक पंचायतींच्या फलकांवर मराठी, कोंकणी व हिंदीत लावावा. पर्यटन हंगाम सुरू होण्यापूर्वी हे होणे सहज शक्य आहे.

आपला नम्र,
एक वाचक, म्हापसा