जुन्या संगणकांचा गंज आणि फरशीचे ॲसिड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा-महाविद्यालयांत जुन्या सामानाचे निर्लेखन निघाले की १९८०च्या दशकातील संगणक ‘गंजलेले, निकामी’ असा शेरा मारून भंगारात काढले जातात. १९८४ साली ‘क्लास’ या शालेय संगणक-साक्षरतेच्या सरकारी प्रकल्पातून देशभरातील निवडक शाळांना मिळालेला बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक त्या पिढीतले यंत्र. असे यंत्र खान्देशात कोणाच्या कपाटात उरले असेल, तर हा शेरा मारण्याची घाई करू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

आपल्याकडे उन्हाळा कोरडा असल्यामुळे गंजाची भीती नाही, असा समज आहे. परंतु चार महिने कूलरची ओलसर हवा आणि त्यानंतर पावसाळा, हे दोन्ही बंद कपाटातल्या पत्र्याला पुरेसे होतात. गंज धरतो तो मुख्यतः स्क्रू, वीजपुरवठ्याची पेटी आणि सर्किटवरील पत्र्याचे आवरण यांना. सर्किटवरच्या रेषा तांब्याच्या असतात आणि बहुधा शाबूत सापडतात.

खरे नुकसान होते ते साफसफाईत. फरशी धुण्याचे ॲसिड हे हायड्रोक्लोरिक ॲसिड असते; त्याच्या वाफा शेजारच्या चांगल्या धातूलाही धरतात, आणि सांध्यांत राहिलेला क्लोराइडचा अंश पुन्हा गंज आणतो. व्हिनेगरमध्ये मीठ घालण्याची युक्तीही याच कारणाने टाळावी. तारेची घासणी तर सर्किटच्या आसपासही नको, कारण तिचे बारीक तुकडे चिपच्या पायांमध्ये अडकून शॉर्टसर्किट करतात.

त्याऐवजी सुटे होणारे भाग काढून, साबणाने तेलकटपणा घालवून, एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून त्यात बुडवावेत आणि दर अर्ध्या तासाने बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासावेत. विसरून रात्रभर ठेवल्यास गंजाबरोबर जस्ताचा किंवा कथिलाचा मुलामाही जातो. नंतर खाण्याच्या सोड्याचे पाणी, मग साधे पाणी, आणि लगेच कोरडे करणे. ओला राहिलेला उघडा पत्रा पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. या शेवटच्या कामाला आपले दुपारचे ऊन उत्तम. स्क्रूंना शिलाई मशीनच्या तेलाचा हात पुरतो. पत्र्याला रंग द्यायचा असल्यास अर्थिंगला टेकणारी जागा मात्र उघडी ठेवावी, अन्यथा विद्युत्-लहरी अडवणारे ते आवरण नावापुरतेच उरते. सर्किटला डाख दिलेली मॉड्युलेटरची (टीव्हीला चित्र पाठवणाऱ्या भागाची) डबी बुडवू नये, कापसाच्या बोळ्याने पुसावी.

निर्लेखन समित्यांनी शेरा मारण्यापूर्वी निदान झाकण उघडून पाहावे. बीबीसी मायक्रोला त्यासाठी मागचे दोन आणि तळाचे दोन स्क्रू काढावे लागतात. मात्र गंज निघाला म्हणून थेट वीज जोडू नये. त्या काळच्या वीजपुरवठ्यातील कागदी कपॅसिटर (वीजभार साठवणारे छोटे भाग) बहुधा ओल धरून तडकलेले असतात आणि चालू करताच धूर सोडतात. ते जाणत्या कारागिराकडून आधी बदलून घ्यावेत.

आपला,
एक वाचक, अमळनेर