बाबा, तुमच्या हयातीच्या दाखल्याची गोष्ट मी इंटरव्ह्यूत सांगू का?

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रोज फोन होतो तरी पत्र लिहितेय कारण हा विषय फोनवर काढला की बाबा "बरं बरं, तू जेवलीस का" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आईला हे मोठ्यानं वाचून दाखवा बाबा, आणि मधलं काही गाळू नका.

इंटरव्ह्यू गुरुवारी आहे, दुपारी 12 ला, मुंबईत बीकेसीला, एका बँकेच्या हेड ऑफिसला. पोस्ट बिझनेस अ‍ॅनालिस्टची. आई तू विचारलं होतंस की हे नेमकं काय काम असतं, तेव्हा मी घाईत काहीतरी सांगितलं. आता नीट सांगते. बँकेत काउंटरवर बसलेला माणूस एक अडचण सांगतो, त्याचा मॅनेजर वेगळीच सांगतो, रिझर्व्ह बँकेचा नियम तिसरंच काहीतरी म्हणत असतो, आणि ज्याला सॉफ्टवेअर लिहायचंय तो पोरगा यातल्या कुणालाच भेटलेला नसतो. तर या सगळ्यांना भेटून, खरं काय हवंय ते शोधून, त्या पोराला कळेल असं लिहून द्यायचं आणि तयार झाल्यावर आपण मागितलं होतं तेच झालंय ना हे तपासून घ्यायचं. मी 6 वर्षं अकाउंट ओपनिंगच्या बॅक ऑफिसला काढली ना, तिथं फॉर्म परत का येतात, सही जुळत नाही तेव्हा कोण अडतं, एकानं एंट्री मारायची आणि दुसऱ्यानं पास करायची ही मेकर-चेकरची पद्धत कुठं तुंबते, हे सगळं हातून गेलंय. पण ते पाच माणसांसमोर मुद्देसूद मांडायचं म्हणजे वेगळी तयारी लागते.

म्हणून रोज पहाटे साडेपाचला उठून बसते. बीआरडी (बँकेला काय हवंय त्याचा कागद) आणि एफआरडी (सॉफ्टवेअरनं काय करायचं त्याचा कागद) यांतला फरक, यूजर स्टोरी म्हणजे वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहिलेली गरज, यूएटी म्हणजे वापरणाऱ्यांनी शेवटी करायची तपासणी, हे पाठ झालंय. बँकिंगचंपण विचारतात, कर्जाचा हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए म्हणजे थकीत कर्ज ठरतं, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या आरटीजीएसला कमीत कमी 2 लाख लागतात, तशीच दुसरी सोय एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालू झालं, असं सगळं. एक गोष्ट तुमच्या कामाची आहे म्हणून वहीत लिहून ठेवा: एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले तर बँकेनं 5 दिवसांच्या आत स्वतःहून परत टाकायचे असतात, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये द्यायचे असतात. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे हा. शेजारच्या काकांनापण सांगा.

आता खरं कारण लिहिते. गेल्या मंगळवारी रात्री एसक्यूएलची, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या याद्यांतून हवी ती माहिती काढायच्या भाषेची, प्रॅक्टिस करत होते. त्यात लेफ्ट जॉइन म्हणून एक प्रकार असतो, दोन याद्या शेजारी ठेवायच्या, मग पहिल्यात आहेत पण दुसऱ्यात नाहीत अशी नावं त्यातून काढता येतात. तयार उदाहरणं ऑर्डर आणि कस्टमरची असतात, मला कंटाळा आला होता म्हणून मीच एक बनवलं, एक यादी पेन्शनरांची आणि दुसरी नोव्हेंबरात हयातीचा दाखला, म्हणजे आपण जिवंत असल्याचा जो पुरावा नसला की पेन्शन थांबते तो, दिलेल्यांची. दहा खोटी नावं टाकली, चार ओळींची क्वेरी लिहिली, चालवली, तर तीन नावं आली आणि त्यांच्यापुढं दाखल्याच्या तारखेच्या जागी नल. म्हणजे तिथं काहीच नाही. आणि मला एकदम तुमचं पासबुक आठवलं बाबा.

एप्रिलमध्ये मी भुसावळला आले होते तेव्हा आईनं गॅसच्या पावतीसाठी कपाट उघडलं आणि मी पासबुक चाळलं. डिसेंबरची पेन्शन नाही, जानेवारीची नाही, आणि फेब्रुवारीत तिन्ही एकदम जमा. मी विचारलं तर आई म्हणाली अगं झालं ते झालं, मिळाले ना पैसे. दोन महिने तुम्ही एफडी मोडून घर चालवलंत आणि मला कळूसुद्धा दिलं नाहीत. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

तुम्ही तर नोव्हेंबरात तीनदा गेला होतात बँकेत! पहिल्यांदा मशीननं अंगठा घेतला नाही. वर्कशॉपमध्ये 34 वर्षं कानस आणि ग्रीसमध्ये घातलेली बोटं, त्यावरच्या रेषा राहतील कुठून? दुसऱ्यांदा हात धुवून या, क्रीम लावून या म्हणाले, तरी लाल लाइट. तिसऱ्यांदा कागदी फॉर्म भरून घेतला, साहेबांची सही झाली, आणि "ठेवा इथं, होऊन जाईल" म्हणून तुम्हाला पाठवून दिलं. पोच दिली नाही, तुम्ही मागितली नाहीत.

मी ते सगळं एका मोठ्या कागदावर आडव्या पट्ट्या आखून काढलं, वरची पट्टी तुमची, मग काउंटर, मग अधिकारी, सगळ्यात खाली कॉम्प्युटर. तुमच्या पट्टीत तीन चकरा, काउंटरच्या पट्टीत तो फॉर्म, आणि तिथून खाली कॉम्प्युटरकडं जाणारा बाण मला काढताच येईना कारण तो कुणी मारलाच नव्हता. फॉर्म ड्रॉवरमध्ये आणि यादीत तुमच्या नावापुढं नल. इतके दिवस मी त्या मशीनवर चिडले होते. मशीन चांगलं असतं तर बरंच झालं असतं, पण मशीन बदललं तरी ज्याचा अंगठा उठत नाही त्याचा कागद उद्यापण त्याच ड्रॉवरमध्ये जाणार. आणि गंमत नाही बाबा, चीड येते याची, की नियम आधीपासून आहे. रिझर्व्ह बँकेनं पेन्शन देणाऱ्या बँकांना सांगून ठेवलंय की दाखला घेतला की सही केलेली पोच द्यायचीच, आणि शक्यतो तिथल्या तिथं सिस्टीममध्ये नोंद करून कॉम्प्युटरची पोच द्यायची. दाखला त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत चालतो, तुम्हाला त्याच शाखेत चकरा मारायची गरजसुद्धा नव्हती.

इंटरव्ह्यूत हमखास एक प्रश्न असतो, एखादा प्रॉब्लेम तुम्ही मुळापर्यंत जाऊन कसा सोडवाल ते सांगा. माझ्याकडं ऑफिसची दोन उदाहरणं तयार आहेत. मैत्रिणीनं मॉक इंटरव्ह्यू घेतला तेव्हा ती मी व्यवस्थित सांगितली, पण ती म्हणाली पेन्शनचं सांगताना तुझा आवाज वेगळा येतो, तेच सांग. मलापण तेच सांगायचंय. बँकेचं, शाखेचं, तुमचं, कुणाचंच नाव घेणार नाही. फक्त एक रेल्वेतून रिटायर झालेले फिटर, एवढंच. तरी तुम्हाला विचारल्याशिवाय बोलणार नाही.

आणि हो म्हणालात तर मला अजून थोडी माहिती हवीय. काउंटरवरच्या मुलीसमोर त्या दिवशी रांग किती होती? तिनं कॉम्प्युटरमध्ये काही टाइप केलं का, की नुसता फॉर्म बाजूला ठेवला? फेब्रुवारीत तुम्ही परत गेलात तेव्हा फॉर्म कुठं सापडला? त्या मुलीला दोष द्यायला विचारत नाहीये, नोव्हेंबरात सगळे पेन्शनर एकदम येतात तेव्हा तिची काय अवस्था होते तेपण मला मांडायचंय. पूर्वी तुम्ही इंजिनचा बिघाड समजावताना कसं अगदी पहिल्या आवाजापासून सांगायचात, तसं सांगा. "जाऊ दे" म्हणू नका.

यंदा नोव्हेंबरात मी घरीच येतेय. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनपण हयातीचा दाखला देता येतो, 2021 पासून आहे ते, अंगठा लागत नाही. आपण ओट्यासमोरच्या खिडकीपाशी बसून करू, तिथं उजेड चांगला असतो. आणि सत्तरीच्या पुढच्यांसाठी बँकेनं घरी येऊन दाखला न्यायची सोय ठेवायची असते, तेपण शाखेत विचारून ठेवू, कारण बाबा मान्य करत नसले तरी गुडघा दुखतो हे आईनं मला सांगितलंय.

आई, निळा कॉटनचा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय, साडी नको म्हणाले मी, एवढा प्रवास आहे. सव्वासातची डेक्कन क्वीन धरणार, बाबा तुम्ही म्हणाल सकाळी लवकर निघ म्हणून आधीच सांगते, दादरला उतरून पुढं टॅक्सी करेन, वेळ भरपूर राहतो. निघताना दही-साखर माझी मीच खाईन. भरताची वांगी आली की कळवा.

रविवारी सकाळी 10 ला फोन करते. पासबुक आणि पीपीओ, तो पेन्शन मंजुरीचा कागद, समोर काढून बसा, आणि त्या वेळी फोन बाबांकडंच राहू दे.

तुमची,
छोटी