कॅम्पवर येणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. इथे तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

इथे अमेरिकेतल्या स्काउटिंगमध्ये माझी लेक लाइफ स्काउट झाली. आता एकच पायरी राहिली, ईगल. महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्या बऱ्याच जणांना ईगल म्हणजे कॉलेजच्या अर्जात लिहायची काहीतरी मोठी गोष्ट, एवढंच ठाऊक असतं. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पायऱ्या अशा: स्काउट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि मग ईगल. ईगलसाठी एकूण २१ मेरिट बॅज, म्हणजे एकेका विषयातलं काम पूर्ण केल्यावर मिळणारी चिन्हं, त्यातले बरेचसे ठरवून दिलेल्या विषयांतले: प्रथमोपचार, स्वयंपाक, नागरिकत्व, आरोग्य. पैशांच्या नियोजनाच्या बॅजला सलग १३ आठवडे जमाखर्च लिहावा लागतो, जे आमच्या घरात अजून कुठल्याही मोठ्या माणसाला जमलेलं नाही. आणि हे सगळं अठराव्या वाढदिवसाच्या आत.

या यादीत तुमचं नाव कुठेच येत नाही, आणि मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

मुली असतील त्या प्रत्येक कार्यक्रमाला २१ वर्षांपुढची, रीतसर नोंदणी केलेली एक तरी बाई हजर असावी लागते. ती नसेल तर कॅम्प रद्द. मग तंबू गाडीत भरलेले असोत की बाबालोक चार दिवस रजा टाकून तयार असोत. कॅम्पिंगच्या बॅजसाठी २० रात्री लागतात, त्याही स्वतः उभारलेल्या तंबूत नाहीतर उघड्या आभाळाखाली. म्हणजे मुलींच्या या रात्री भराव्यात म्हणून कुणा ना कुणा बाईला तितक्याच रात्री जमिनीला पाठ लावावी लागते. तिच्या शर्टावर मात्र त्याचा काही बॅज शिवला जात नाही.

पहिला ईगल स्काउट झाला १९१२ साली. मुलींना ही वाट मोकळी झाली फेब्रुवारी २०१९मध्ये आणि त्यांची पहिली तुकडी ईगल झाली ती २०२१मध्ये. तुमची लेक तोवर केव्हाच मोठी होऊन गेली होती. भाऊ मीटिंगला आत असायचा आणि ती गाडीत बसून गृहपाठ करायची, हे तुम्हीच एकदा हसत सांगितलं होतंत. आमच्या मुलींचा ट्रूप, म्हणजे स्काउटांचा गट, सुरू करायचा ठरला तेव्हा उत्साह सगळ्यांना होता. रात्री राहायला कोण येणार, या प्रश्नावर मात्र सगळ्या आया एकदम घड्याळाकडे बघायला लागल्या. माझा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता, त्यामुळे माझी सुटका आयतीच झाली. तुम्ही म्हणालात, "मी येते की." बस, एवढंच. स्वतःचं मूल ट्रूपमध्ये नसताना.

तुम्ही नुसती हजेरी लावायला येता असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी एखाद्या पावसाळी कॅम्पवर तुम्हाला बघावं. तंबूचा दोर सैल पडून पाणी आत यायला लागलं तेव्हा तुम्ही छत्री घेऊन शेजारी उभ्या राहिलात. दोराला हात लावला नाहीत. "कुठली गाठ मारली होतीस? मग आता कुठली मारशील?" अर्ध्या तासाने पोरींनी तो तंबू पुन्हा ताणून बसवला. तुम्ही शाळेत गाईड होतात, गाठी तुम्हाला झोपेतही मारता येतात, त्यामुळे हात आवरून उभं राहणं किती अवघड गेलं असेल याची मला कल्पना आहे. लेक क्वार्टरमास्टर, म्हणजे ट्रूपचं सामान सांभाळणारी, झाली त्या काळातही तसंच. स्टोव्ह किती, तंबूचे खुंटे किती, कुठला गॅसचा डबा संपत आलाय, हे सगळं तिच्या वहीत. तुम्ही निघायच्या आधी फक्त विचारायचात, "वही बघितलीस?"

आता तिचा ईगल प्रोजेक्ट, म्हणजे ईगलसाठी करायचं सेवेचं काम. वृद्धाश्रमाच्या अंगणात उंच वाफे करायचे, चाकांच्या खुर्चीत बसूनही मातीला हात पोचेल असे. कल्पना सुचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती लाकूड आणायला निघाली होती. तुम्ही तिला प्रस्तावाचं पान उघडून दाखवलंत: ज्या संस्थेसाठी काम करायचं ती संस्था, स्काउटमास्टर (ट्रूपचे प्रमुख), ट्रूपची समिती आणि स्काउट संघटनेची वरची कौन्सिल किंवा डिस्ट्रिक्ट. या चार सह्या झाल्याशिवाय एक खिळाही ठोकायचा नाही. मी आपली आपल्या लोकांच्या सवयीने विचारत होते, एकूण तास किती भरावे लागतात? किमान तास असे काही नसतातच, हे तुमच्याकडून कळलं. मोजलं जातं ते हे की काम तिने इतरांकडून कसं करवून घेतलं. सगळे वाफे तिने एकटीनेच बांधून टाकले तर तो ईगल प्रोजेक्ट होत नाही. हे ऐकून तिच्या बाबांनी करवत मुकाट्याने परत गॅरेजमध्ये टांगली.

चौथी सही गेल्या आठवड्यात झाली. पुढे वाफे, मग स्काउटमास्टरांशी बैठक, शेवटी बोर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे मोठ्यांच्या समितीसमोरची मुलाखत. हे तिचं तिला करायचं आहे आणि ती करेल असं दिसतंय. नाही झाली ईगल, तरी या पत्रातलं काही बदलायचं नाही.

तर ताई, मुद्द्याचं सांगते. धाकटा आता शाळेत जातो, माझं निमित्त संपलं. मी नोंदणी केली आहे, प्रशिक्षणही पूर्ण केलं आहे. स्काउटमास्टरांना कळवून झालंय की थंडीतल्या कॅम्पला यंदा बाई म्हणून मी येणार. तुम्ही त्या दिवशी घरी, पलंगावर, दोन रजया घेऊन झोपा. फक्त स्लीपिंग बॅगखाली तुम्ही नक्की काय काय अंथरता, ते मला आधी सांगून ठेवा.

तुमची,
क्वार्टरमास्टरची आई