ओळी जागेवर आणल्याबद्दल

चि. वरच्या मजल्यावरच्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

नाव घातलं तर तू रागावशील, म्हणून घालत नाही. पण पत्र मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहितेय. माझ्यासारख्या घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बऱ्याच जणी आहेत आणि त्यांच्याही साईटवरच्या ऑर्डरीच्या फॉर्ममध्ये, तू माझ्याकडे निस्तरलास तोच, ओळी एकमेकींत मिसळण्याचा घोळ असू शकतो. शिवाय जिन्यात आभार मानायला गेलं की तू 'काय काकू!' म्हणून पळतेस.

२०२३ची दिवाळी. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं. एका बाईंनी साईटवरून ऑर्डर टाकली. मी ती छापून नेहमीसारखी ओट्याजवळच्या खिळ्याला अडकवली. कागदावर होतं:

चकली २ कडबोळी १ अनारसे १ २ तारखेच्या आत

आम्ही सगळ्यांनी '१२ तारखेच्या आत' असंच वाचलं. दिवाळीच बाराला, मग शंका कोण घेणार? बाईंनी लिहिलं होतं ते असं:

चकली २
कडबोळी १
अनारसे १
२ तारखेच्या आत

तीन तारखेला त्या मुलाकडे जर्मनीला निघाल्या होत्या. दोनच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा अनारशाचं पीठ डब्यात मुरत होतं आणि चकलीची भाजणी अजून गिरणीतच होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. 'बरं, राहू दे' एवढंच म्हणाल्या.

साईट ज्यांनी करून दिली त्यांना विचारलं, तर उत्तर आलं, ग्राहकांना एंटरऐवजी स्वल्पविराम द्यायला सांगा. मग मी फॉर्मवर लाल अक्षरांत पाटी लावून घेतली: 'कृपया एंटर दाबू नये.' पाटी कोणी वाचली नाही, हे सांगायला नकोच. यादी म्हटली की माणूस एकाखाली एक लिहिणारच. वाण्याची यादी आपण कधी सलग लिहिली आहे का?

तू आलीस ती विरजण मागायला. खिळ्यावरचा कागद पाहून विचारलंस, 'काकू, ओळी हरवतात, की आत आहेत आणि नुसत्या दिसत नाहीत?' हे दोन वेगळे आजार असतात हेच मला ठाऊक नव्हतं. तू साठवलेली मूळ ऑर्डर उघडून दाखवलीस. चारही ओळी शहाण्यासारख्या एकाखाली एक बसलेल्या! माल कोठीत नीट होता, वाढताना कालवला जात होता. वेबपानावर मजकूर दाखवताना ब्राउझर नव्या ओळीला नुसती एक मोकळी जागा समजतो, म्हणून सगळं सलग छापलं जातं. इलाज एका ओळीचा निघाला, 'व्हाइट-स्पेस: प्री-लाइन', म्हणजे 'ओळी लिहिल्यात तशाच दाखव' अशी पानाला सूचना. साठवलेल्या मजकुराला तू हात लावला नाहीस. ग्राहकाने लिहिलंय ते तसंच ठेवायचं, दाखवायचं कसं ते दाखवताना बघायचं, हा तुझा हट्ट मला पटला.

मग तुझं लक्ष पत्त्याकडे गेलं. कित्येक ऑर्डरींत पत्ता म्हणून नुसतं 'बी-४०३' असायचं आणि मी फोन करकरून उरलेला विचारायची. मला वाटायचं लोक आळशी. तू म्हणालीस, लोकांचा दोष नाही, पत्त्याचा रकाना एका ओळीचा आहे. तिथे एंटर दाबलं की नवी ओळ येत नाही, फॉर्मच निघून जातो! बिचाऱ्यांनी फ्लॅट नंबर लिहून पुढच्या ओळीवर सोसायटीचं नाव लिहायला एंटर दाबलं की अर्धा पत्ता माझ्याकडे हजर. तिथे तू 'टेक्स्टएरिया' बसवलास, चार ओळींचा, आणि पिनकोड वेगळा काढलास.

खरी गंमत पुढे झाली. ऑर्डरच्या रकान्यातली यादी ओळीओळीने तोडून प्रत्येक पदार्थ आपल्या दरपत्रकाशी जुळवायचा तू घाट घातलास. पण फक्त शेवटची ओळ जुळायची, वरच्या सगळ्या लाल. डोळ्यांना 'चकली २' आणि 'चकली २' यांत काही फरक दिसेना. अर्ध्या तासाने तू कपाळावर हात मारलास: प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं शेपूट लटकत होतं. फॉर्म पाठवताना ब्राउझर एका एंटरची दोन चिन्हं करतो, 'कॅरेज रिटर्न' आणि 'लाइन फीड'. तू दुसऱ्यावर तोडत होतीस, पहिलं मागे उरत होतं. शेवटच्या ओळीनंतर एंटरच नव्हतं, म्हणून ती तेवढी सुटली.

'दोन कशाला?' असं तू स्वतःशीच पुटपुटलीस आणि मला हसू आलं, कारण ते मला ठाऊक होतं. मराठी ३०, इंग्रजी ४० आम्ही टाइपरायटरवर पास झालोय, बाई. ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग डाव्या हाताने दांडा ढकलायचा, की कागद एक ओळ वर सरकायचा आणि अख्खा गाडा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायचा. दांडा एक, कामं दोन. टेलिप्रिंटरला, म्हणजे तारेवरून आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्राला, तीच कामं दोन वेगवेगळ्या खुणांनी सांगावी लागायची, त्या खुणा अजून तुमच्या फॉर्ममध्ये शिल्लक आहेत. तू तोंड उघडं ठेवून ऐकत होतीस. त्या दिवशी तुला शिकवायला माझ्याकडेही काहीतरी होतं, याचा आनंद मला चकलीला काटा आल्यावर होतो तेवढा झाला.

त्या दोन चिन्हांनी आणखी एक कोडं सुटलं. मजकुराला २०० अक्षरांची मर्यादा होती. ग्राहकाला रकान्याखाली १९७ दिसायचे आणि तरी 'मजकूर मोठा आहे' म्हणून ऑर्डर परत यायची. लिहिताना एंटर एक मोजलं जायचं, पोचल्यावर दोन. पाच ओळी वाढल्या की हिशेब गेला. आणि आपल्याला एक दिसणारं 'क्षि' संगणकाच्या लेखी चार (क, पाय मोडल्याची खूण, ष आणि वेलांटी), हे ऐकून तर मी मर्यादाच १००० करून घेतली.

एक्सेलचं फार सांगत नाही. ओळींचा मजकूर अवतरणचिन्हांत न बांधता फाइल काढल्यामुळे एका ऑर्डरीच्या चार रांगा व्हायच्या आणि पत्ता भलत्याच रकान्यात जायचा. तू ते दहा मिनिटांत केलंस.

आता ग्राहक व्हॉट्सअॅपवरची यादी जशीच्या तशी चिकटवतो, खाली कोष्टक दिसतं: पदार्थ, किलो, रक्कम. '२' मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत, दोन्ही चालतं. जी ओळ कळली नाही ती लाल होते आणि ग्राहकालाच विचारते. तारखेला तू स्वतंत्र रकाना दिलास. माझी लाल पाटी तू काढून टाकलीस, मला न विचारता. तेवढ्यासाठीसुद्धा आभार.

त्या जर्मनीच्या बाईंनी पुन्हा ऑर्डर दिली. सात ओळी होत्या, मी कागद खिळ्याला लावण्याआधी दोनदा वाचला.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू

ता. क. परवा एकीने प्रत्येक ओळीच्या आधी टिंब दिलं, तर सगळी यादी लाल झाली. रविवारी विरजणाची वाटी परत द्यायला येशील तेव्हा बघ. कडबोळी काढून ठेवलीत.